पोटासाठी गप्प राहिलेलं घर

डोंबिवलीच्या आमच्या घरात जवळजवळ दहा वर्षं मला कुणी वाईट बातमी सांगितली नाही. 'जवळजवळ' हा शब्द मला आवडत नाही. पण सुरुवात नेमकी कधी झाली ते आठवत नाही, आणि आठवत नाही ते ठोकून देणं मला जमत नाही. शेवट मात्र नक्की आठवतो. तेव्हा कळलं, की मला न सांगितलेल्या गोष्टींमध्ये माझ्या आईचं पोटही होतं. तिला माझ्यासारखंच दुखत होतं, आणि मला त्रास होऊ नये म्हणून तिनं ते माझ्यापासून लपवलं होतं. आता उशीर झालाय की नाही, एवढाच प्रश्न तेव्हा आमच्यापुढे होता. ही त्या प्रश्नाची हकीकत.

ठाण्याच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी तपासनीस होतो. लेथवरून उतरलेल्या बोल्टांचे आटे तपासायचे, हे काम. गेज फिरवायचा. आत गेला तर माल पास, अडला तर नापास. या कामात 'चालेल' म्हणता येत नाही. मला ते आवडायचं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी माझ्या पोटात जळायला लागलं. सकाळी अकराच्या सुमाराला आणि दुपारी चारला, म्हणजे पोट रिकामं असताना. काही खाल्लं की थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. मी महिनाभर वेळा पाहिल्या आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगितल्या. त्यांनी मला कल्याणला फोटो काढायला पाठवलं. तिथे खडूसारखं पांढरं, दाट पाणी प्यायला दिलं आणि एका थंड काचेला चिकटून उभं केलं. काळ्या फिल्मवर माझं जठर पांढऱ्या ढगासारखं उमटलं होतं. ढगाच्या शेपटीला एक बारीक खाच होती.

"अल्सर," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या स्वभावाचा आहे हा. हजारात एक बोल्ट वाकडा निघाला तर तुम्हाला घास जात नाही. विचाराचं ॲसिड होतं, बरं का."

डॉक्टर भला माणूस होता. तेव्हा सगळेच डॉक्टर असं सांगायचे, आणि मलाही ते पटलं, कारण मी विचार करायचो हे खरंच होतं. त्यांनी गोळ्या दिल्या, तिखट आणि चहा बंद केला, दर दोन तासांनी थंड दूध सांगितलं, आणि निघताना आईला म्हणाले, "घरात जरा शांतता ठेवा. याला टेन्शन देऊ नका."

आईनं गोळ्यांकडे लक्ष दिलं नाही. तिनं शेवटचं वाक्य तेवढं घरी आणलं.

वडील जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. घरात आई, बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि मी. आईनं नियम घातला, की मी जेवायच्या आधी मला काही सांगायचं नाही, कारण रिकाम्या पोटात ॲसिड असतं. जेवल्यावर सांगायचं नाही, कारण पचन बिघडतं. मधल्या वेळात दूध असायचं, आणि दुधावर तर काहीच सांगायचं नाही.

"मग बाबांशी बोलायचं कधी?" मुलीनं विचारलं.

"चांगलं असेल तेव्हा," आई म्हणाली.

तेव्हापासून माझ्याभोवती सगळं चांगलंच घडू लागलं. मुलीचे मार्क चांगले, पाणी वेळेवर, गावाकडचे सगळे खुशाल. मी कामावरून आलो, की जिन्यातले आवाज एका मजल्याआधीच खाली बसायचे. शेजारीण पातेली आपटत असेल तर बायको दारातून हातानंच थांब म्हणायची. रेडिओवर बातम्या लागायच्या आत बटण फिरायचं. समोर अजून इमारती झाल्या नव्हत्या, भाताची खाचरं होती. सुटीच्या दुपारी मी गॅलरीत दुधाचा पेला घेऊन बसलो, की खाचरांत बगळे उभे असायचे. पाणी पांढरं, बगळे पांढरे, पेल्यात पांढरं. त्या वर्षांचं माझ्या मनात जे चित्र आहे त्यात रंगच फारसे नाहीत. आवाजही नाहीत. ओल्या कापसात गुंडाळून कपाटात ठेवलेल्या वस्तूला जसं वाटत असेल, तसं काहीसं मला वाटायचं. वाईट नव्हतं ते. सवय झाली होती.

मामा गेल्याचं मला तेरावं उरकल्यावर कळलं. आईचा सख्खा भाऊ. ती दोन आठवडे गावी जाऊन आली, मला वाटलं देवीच्या उत्सवाला गेली असेल. आल्यावर तिनं मला दुधाचा पेला दिला, मी अर्धा पिईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "तुझा मामा आता नाही हं. दूध संपव."

मी दूध संपवलं.

पोट मात्र शांत होत नव्हतं. गोळ्या चालू असल्या की बरं वाटायचं, बंद केल्या की दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेच. डॉक्टर म्हणायचे, घरात काही झालं का? मी विचार करून सांगायचो, नाही, काहीच झालं नाही. मग तेही विचारात पडायचे.

कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर ठाण्याच्याच खाडीकाठचा एक कोळी होता. तिसऱ्या पिढीत जाळं सोडून गेज धरलेला. त्याच्या डब्याचं झाकण उघडलं की आख्ख्या खात्याला कळायचं, आज बोंबील आहेत की मांदेली. माझ्या डब्यात दूधभात.

"आरं बाबा, रोज दूधभात? बालंतीन हायस का तू?"

"पोटाला चालत नाही."

"पोटाला ईचारलं का कदी? का डॉक्टरलाच ईचारतंस?" त्याचं म्हणणं, माझ्या पोटात मीठ कमी पडत होतं, एकदा खारं बोंबील खाल्लं की व्रण वाळून जाईल. हे साफ चूक होतं. पण असं चुकीचं काहीतरी ऐकवणारा तो एकटाच होता, त्यामुळे मी त्याच्याजवळच बसायचो.

नव्वदीच्या मध्यावर एका सकाळी टेबलापाशी उभा असताना माझ्या हातातला गेज जड झाला. त्या आधीचे दोन दिवस मला शौचाला डांबरासारखं काळं होत होतं. त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता, आणि घरी सांगितलं नव्हतं. घरात ती पद्धतच पडली होती. डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं आणि मी खाली बसलो. कोळ्यानं मला रिक्षात घातलं.

"डोलं उगडं ठेव," तो रस्ताभर म्हणत होता. "मिटलंस तर मी गानं म्हनीन. लय बेसूर हाय मी, सांगून ठेवतंय."

ठाण्यातल्या एका पोटाच्या डॉक्टरांकडे त्यानं मला नेलं. वयानं लहान डॉक्टर, बोलणं भराभर. अल्सरमधून रक्त जात होतं. त्यांनी मला ठेवून घेतलं, सलाईन लावलं, आणि जरा सावरल्यावर घशातून दुर्बीण घातली. दुर्बीण बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या जठरातून काढलेला टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा एका बारीक बाटलीत टाकला. बाटलीत पिवळं पाणी होतं.

"तपासनीस आहात ना? मग बघा ही तपासणी," ते म्हणाले.

मी पडल्या पडल्या बघत राहिलो. पिवळ्या पाण्यात तुकड्याभोवती आधी एक नारिंगी धूर सुटला. मग तो गुलाबी झाला. मग सगळी बाटली राणी रंगाची झाली, लग्नातल्या शालूसारखी. इतक्या पांढऱ्या वर्षांनंतर पाहिलेला तो पहिला रंग असावा असं मला वाटलं. गुंगीत होतो, त्यामुळे हे मत मी जसंच्या तसं धरत नाही. पण असं वाटलं खरं.

"जंतू आहे," डॉक्टर म्हणाले. "जठराच्या अस्तरात राहतो. आपण समजत होतो, तिथल्या ॲसिडमध्ये काही जगूच शकत नाही. हा जगतो. स्वतःभोवतीचं ॲसिड मारतो आणि बसून राहतो. अल्सर बहुतेक वेळा याच्यामुळे होतो, हे आता कळलंय. तुमच्या विचारांमुळे नाही." त्यांनी औषधांच्या कागदामागे जंतूचं चित्र काढलं, पिळाची छोटी रेघ. मी आयुष्यभर जे तपासत आलो तेच होतं ते. मळसूत्र.

मी विचारलं, "किती वर्षांपासून असेल?"

"लहानपणापासून. घरातच लागतो बहुधा. तोंडातून, उष्ट्यातून, पाण्यातून. पुष्कळांना तो असतो आणि काही होत नाही. काहींना अल्सर. आणि थोड्यांना, वर्षानुवर्षं राहिला तर, जठराचा कॅन्सरही होतो. घरात आणखी कुणाला पोटाचा त्रास?"

"नाही," मी खात्रीनं म्हणालो. माझ्या माहितीप्रमाणे ते अचूक होतं.

घरी आलो ते प्रतिजैविकांचा कोर्स घेऊन. सगळ्यांना समोर बसवून मी डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मुलगी तोवर कॉलेजात जायला लागली होती. ती हसायलाच लागली. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही कुजबुजत होतो ते एका जंतूसाठी? त्याला ऐकू येतं का?"

बायको म्हणाली, "मी आता कुकरच्या शिट्ट्या मोजून लावणार नाहीये."

आई तेवढी हसली नाही. तिनं विचारलं, "उष्ट्यातून म्हणजे कसं?"

मी सांगितलं. एका ताटात जेवल्यानं, एका भांड्यानं पाणी प्यायल्यानं, लहान मुलांना भरवल्यानं.

"चावून भरवल्यानं?"

"तसंही असू शकेल."

ती उठून आत गेली. आमच्या गावाकडे बाळाला दात यायच्या आत भाकरीचा घास आई आपल्या तोंडात चावून, मऊ करून बाळाच्या तोंडात घालते. आईनं मला असंच वाढवलं होतं. हे ती मोठ्या अभिमानानं सांगायची, कारण त्या वर्षी दूध मिळत नव्हतं आणि मी जगलो होतो.

गोळ्या संपत आल्या तेव्हा एका दुपारी बायको गॅलरीत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. खाचरांच्या जागी एव्हाना इमारतींचे सांगाडे उभे होते.

"अहो, एक सांगायचंय. आईंनी शपथ घातलीय, पण आता मी ती मोडतेय."

"सांग."

"त्यांनाही दुखतं. तुमच्यासारखंच. दोन वर्षं तरी झाली असतील. तुमचं उरलेलं दूध त्या उभ्या उभ्या पितात. जेवण अर्ध्यावर आलंय. तुम्ही ब्लाउज पाहिलेत त्यांचे? मी तिसऱ्यांदा आत घेतलेत."

मी आईला पाहिलं, म्हणजे त्या दिवशी खरं पाहिलं. लुगड्याच्या निऱ्यांत ती हरवल्यासारखी दिसत होती. जुन्या फोटोत कडेची माणसं फिकी होत जातात, तशी. मी तिला सांगितलं, उद्याच ठाण्याला जायचं.

"मला काही झालेलं नाही."

"आई, डॉक्टरांनी कॅन्सरचं नाव घेतलं होतं. पाहायला पाहिजे."

"आणि तोच निघाला तर? तू हाय खाशील. आत्ताच कुठे भरत आलाय तुझा व्रण, पुन्हा फुटेल."

"काळजीनं फुटत नाही तो. जंतूनं होतो. जंतू गेला."

"डॉक्टर काय, आधीचेही डॉक्टरच होते," आई म्हणाली.

दोन-तीन दिवस मी तिला त्या जंतूचं चित्र काढून समजावत राहिलो. ती ऐकून घ्यायची आणि तांदूळ निवडत राहायची. बायको म्हणाली, "त्यांना स्वतःच्या पोटाची भीती नाहीये. तुमच्या पोटाची आहे. तुम्ही चित्रं कसली काढून दाखवताय त्यांना."

रविवारी आईनं स्वतः स्वयंपाक केला. बांगड्याचं तिखलं, लालभडक. किती वर्षांनी ते माझ्या ताटात पडलं. तिनं स्वतःसाठी पान घेतलं नाही, माझ्या समोर पाटावर बसली. मी दोन घास खाल्ले, डोळ्यांत पाणी आलं, छान वाटलं. मग ती म्हणाली,

"एक सांगते. जेवत राहा. तुझ्या बायकोला शाळेत नोकरी लागत होती. इथंच, चालत जाण्यासारखी. चार-पाच वर्षं झाली त्याला. मुख्याध्यापक घरी येऊन गेलेले. तिला फार करायची होती. मीच म्हटलं, त्याला विचारू नकोस, तो विचार करत बसेल. तिनं नाही कळवलं."

बायको ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही. तवा मात्र तसाच तापत राहिला.

आई माझ्याकडे बघत होती. मी गेज फिरवताना जसा बघतो, तशी. आत जातोय की अडतोय.

मला दुखलं. पण पोटात नाही. ते दुखणं कुठे होतं ते मला सांगता येणार नाही, पण एवढं नक्की, की ती जागा वेगळी होती. मी बायकोला विचारलं, "खरं?" ती म्हणाली, "जेवा आधी." मी जेवलो. भातही मागून घेतला. मग खोलीत जाऊन पडलो आणि डोळा लागला.

त्या झोपेत मला काही स्वप्न पडलं नाही, पण ती झोपच स्वप्नासारखी होती. मधून मधून जाग यायची. पंखा फिरत असायचा, खालून सिमेंटच्या घमेल्यांचा आवाज यायचा, कुणीतरी भांडत असायचं, आणि कुणी त्यांना गप्प करत नव्हतं. दर वेळी डोळे उघडले की आई दिसायची. पायाशी बसलेली, हातात दुधाचा पेला. दुपार तिच्या खांद्यावरून सरकत भिंतीवर गेली. चार वाजून गेले असावेत. ती माझ्या दुखण्याची वेळ होती.

"दुखतंय?"

"नाही."

"खरं सांग."

"खरंच नाही, आई."

तिनं थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग तो पेला तिनं स्वतःच तोंडाला लावला, माझ्यासमोर, बसून, सावकाश. आणि म्हणाली, "बरं. कधी जायचं ठाण्याला?"

दुर्बीण आत जाण्याआधी घशात फवारा मारून घसा बधिर करतात. आई घाबरली नाही, फक्त म्हणाली की दात काढून ठेवायचे तर या पोराला बाहेर पाठवा. 'या पोराला' म्हणजे मला. अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आले. व्रण होता. कडा त्यांना आवडल्या नव्हत्या. चार-पाच ठिकाणचे तुकडे घेतले होते, ते पुढे तपासणीला जाणार होते. रिपोर्ट यायला वेळ होता. पिवळी बाटली मी त्यांना दाखवायला सांगितली नाही, त्यांनीच दाखवली. राणी रंग.

"घशाचा बधिरपणा उतरेपर्यंत काही खायला-प्यायला देऊ नका. ठसका लागेल," नर्सनं सांगितलं.

म्हणून आम्ही तलावपाळीवर जाऊन बसलो. सकाळची वेळ, ऊन कोवळं, तलावात दोन-चार होड्या बांधलेल्या, त्या एकमेकींना हळूहळू लागत होत्या. आई कठड्यावर माझ्या शेजारी बसली. जीभ जड झालेली, शब्द ओले होऊन यायचे. आणि ती बोलायला लागली.

"गावच्या आपल्या शेजारणीचा मुलगा वारला. साप चावून. तू गोळ्यांवर होतास."

"कधी?"

"झाली वर्षं. तुझ्या मुलीला कावीळ झाली होती, तू कंपनीच्या कामानं पुण्याला होतास तेव्हा. तू आलास तेव्हा डोळे पांढरे झाले होते तिचे. ती नापास झाली होती गणितात, सहामाहीला. सही मी केली." ती थांबली, थुंकी गिळून पाहिली, गिळता आली नाही. "कळंब्याची वाट होती ना आपली, शेताकडची? ती बुजली. चुलत्यानं कुंपण घातलं. माझी पिशवी मारली बसमध्ये, खोपट स्टँडला. तुझ्या बायकोनं एकदा बॅग भरलेली माहेरी जायला. मी म्हटलं जा, चार दिवस रडून ये. ती गेलीच नाही मग."

मी ऐकत होतो. दहा वर्षांचं वाईट एकदम ऐकायला येत होतं, पण त्यातली धार गेली होती. वाळलेल्या मिरच्या पोत्यातून ओताव्यात तसा नुसता खसखस आवाज होत होता. शेजारणीचा तो मुलगा माझ्या मनात इतकी वर्षं जिवंत होता, आणि शेताकडच्या वाटेनं मी अधूनमधून मनात चालतही होतो. आता एकेक गोष्ट जागेवरून हलत होती. पाण्यावर ऊन होतं, त्यामुळे मला नीट दिसत नव्हतं. एवढं आठवतं, की मला हलकं वाटत होतं, आणि माझ्या शेजारी बसलेलं माणूस कदाचित राहणार नव्हतं. या दोन्ही गोष्टी त्या सकाळी एकाच वेळी खऱ्या होत्या.

"मामाला फार दुखत होतं का जाताना?" मी विचारलं.

"त्याचं पोटच होतं," आई म्हणाली. "खाल्लेलं राहायचं नाही. शेवटी शेवटी कोरड्या काडीसारखा झालेला."



रिपोर्टला गेलो तेव्हा आईनं आत यायचा हट्ट धरला. डॉक्टरांनी कागद आधी स्वतः पुन्हा वाचला. "आजी, कॅन्सर नाही. अल्सर आहे, जंतू आहेत. आतलं अस्तर बरंच पातळ झालंय. असंच राहिलं असतं तर पुढे काय झालं असतं, सांगता येत नाही. आता औषधं घ्या. मी अधूनमधून दुर्बिणीनं बघत राहीन."

मी हुश्श केलं नाही. 'अधूनमधून' हा शब्द मी ऐकला होता. पण खांदे खाली आले, हे मला जाणवलं.

आईनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "डॉक्टर, याला माझ्यामुळेच झालं ना? मी चावून भरवायचे याला."

"सांगता येणार नाही आजी. असेल, नसेल. आणि तुम्हाला तो जंतू कुणी दिला? तुमच्या आईनं भरवलंच असेल ना तुम्हालाही."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. तिची आई ती रांगत असतानाच गेली होती. तिला चेहरा आठवत नव्हता, फोटो नव्हता, एखादं भांडंसुद्धा नव्हतं. सावत्र आईनं सगळं मोडून टाकलं होतं. हे आम्हाला माहीत होतं, पण ती त्यावर कधी बोलायची नाही.

"म्हणजे तिनं भरवलं होतं मला," ती शेवटी म्हणाली.

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी औषधं लिहायला घेतली.

कोर्स माझ्याच औषधांचा होता. तो कसा असतो ते मला ठाऊक होतं, म्हणून मी तिला आधी सांगून ठेवलं होतं की तोंड कडू होईल. तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी आम्ही सगळे जेवायला बसलो असताना तिनं पान पुढे सरकवलं.

"हे काय औषध आहे? तोंडाची पार जस्ताची बादली झालीय. आमटी लागत नाही, भात लागत नाही. आणि आमटीत आज मीठ कमीच आहे, औषधाचं नाव कशाला."

बायको थबकली. दहा वर्षांत सासूबाईंनी जेवताना, आणि तेही माझ्यासमोर, अशी तक्रार केली नव्हती. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी मीठ पुढे केलं.

"आणि तो पंखा बंद कर, हाडं दुखतात माझी," आई म्हणाली. "आणि समोरच्या बिल्डिंगचं ते ठोकणं. माणसानं जगायचं कसं?"

"आणखी काय दुखतं?" मी विचारलं.

"गुडघा," आई म्हणाली, आणि भात कालवायला घेतला. "उजवा. सांगते."